एक जेवण, दुरुस्त्यांसह

"मासे नकोत, मटण नको, चिकन नको, अंडं नको," मी बोटांवर मोजून दाखवलं.

"भाजी ला," काउंटरमागची बाई म्हणाली. "फक्त भाजी." आपण बोलताना शेवटी 'ना' किंवा 'बरं का' लावतो, तसं मलेशियाकडची माणसं 'ला' लावतात.

"नक्की?"

"भाजी म्हणजे भाजी. हिरवी." तिने दोन्ही हातांनी हवेत पानं काढली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "अंकलना बरं नाही का?"

अंकल म्हणजे माझे अप्पा. वेलिंग्टनच्या वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कानटोपी एका कानावर सरकली होती. आईने विणलेला स्वेटर त्यांच्या अंगावर असा लोंबत होता, की कुणीतरी तो खुंटीला अडकवून विसरून गेलं आहे असं वाटावं.

"बरे आहेत," मी म्हटलं. "फक्त जेवत नाहीत."

"इथे जेवतील," ती म्हणाली आणि आत वळली. पाऊस पडेल असं म्हणावं तितक्याच सहजपणे.

हॉटेल म्हणावं असं ते नव्हतंच. किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान आणि बंद पडलेलं बुटांचं दुकान यांच्यामधली ती फट होती. चार टेबलं. एकाला उठायचं तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. दारावर पुठ्ठा टांगलेला: 'मलेशियन जेवण, सात डॉलर.' ज्या गुजराती खाणावळीत मी अप्पांना नेणार होते ती मंगळवारी बंद असते, हे मला तिच्या दारात पोचल्यावर कळलं होतं. माझी जेवणाची सुट्टी पाऊण तासाची. वारा माणूस उडवून नेईल असा. म्हणून आम्ही त्या फटीत शिरलो.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मनातल्या मनात इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्या काही जागा गुळगुळीत झाल्या आहेत. त्या खरवडाव्या लागतील. जिथे खरवडेन तिथे तसं लिहीन.

*दुरुस्ती.* 'अंडं नको' हे मी आपणहून म्हटलं नव्हतं. मी विसरले होते. अप्पा मागून मराठीत म्हणाले, "अंड्याचं सांग." हे लक्षात ठेवा.

*

आई मार्चमध्ये गेली. मे महिन्यात मी अप्पांना वाईहून माझ्याकडे घेऊन आले. मी एकटी राहत होते, जमिनीच्या मोजणीच्या एका कचेरीत नकाशे काढायचे. सकाळी डबा भरून ओट्यावर ठेवायचा आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला उघडायचा, असा आमचा दिनक्रम झाला.

"भूक नव्हती गं."

"आमटी तुमच्या आवडीची होती."

"छान होती. वास छान होता."

त्यांच्या पट्ट्याला मी खिळा ठोकून दोन नवी भोकं पाडली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "यांच्या पोटात काही बिघाड नाही," ते म्हणाले.

शनिवारी अप्पांचं परतीचं विमान होतं. तारीख पुढे ढकलायला ते तयार नव्हते. वाईच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये ते एकटे राहणार. इथे निदान डबा भरलेला राहिलाय हे बघायला मी होते. तिथे तेवढंही कुणी नसणार. शनिवारच्या आत त्यांनी एकदा तरी पोटभर जेवायला हवं, एवढंच माझं मागणं होतं. एकदा घास गोड लागला की पुढचा लागेल, असं मी स्वतःला समजावत होते.

आणि अप्पांचं जेवण म्हणजे काय, तर सोवळ्याचं नसलं तरी कडक. एकदा नगरपालिकेत कुणाच्या तरी निरोपसमारंभात त्यांनी केकचा तुकडा खाल्ला. संध्याकाळी त्यात अंडं होतं असं कळलं. मोरीत जाऊन घशात बोटं घातली, अंघोळ केली आणि दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहिले. कुणावर रागावले नाहीत. केक देणाऱ्याला तर पुढेही कधी कळू दिलं नाही. पण दोन दिवस म्हणजे दोन दिवस.

पाण्याचं आणि त्यांचं सख्य होतं. नोकरीची तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गेली. सकाळी नळाखाली ओंजळ धरायची, नाकाशी न्यायची आणि सांगायचं, "आज औषध जरा जास्त पडलंय." कचेरीत जाऊन बघितलं की तसंच निघायचं. आई म्हणायची, "यांच्या नाकाला पगार वेगळा द्यायला हवा."

*

ताटल्या आल्या. रबरी चप्पल फटफटवत ती बाई स्वतःच घेऊन आली. तिचं नाव रोसना, हे नंतर कळलं. पन्नाशीची, डोक्याला जांभळा रुमाल घट्ट बांधलेला. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, काकडीच्या चकत्या, तळलेले शेंगदाणे, लाल चटणी. बाजूला कसलीशी पोकळ देठांची पालेभाजी, तेलात चमकणारी. कडेला लिंबाची फोड.

अप्पांनी पेल्यातलं पाणी हातात घेतलं, ताटलीभोवती फिरवलं आणि उजव्या बाजूला टेबलावर भाताची पाच शितं मांडली. चित्राहुती. मेलामाइनची ताटली असो की केळीचं पान, त्यात खंड नाही.

रोसनाने खांद्यावरचं फडकं काढून ती शितं आणि पाणी एका फटक्यात पुसून टाकलं. "सांडलं, अंकल. असू दे."

अप्पा पुसलेल्या टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोचलं असेल," आणि पहिला घास घेतला.

चावायचे थांबले. डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

"तिखट आहे का? दही मागू?"

त्यांनी मान हलवली. दुसरा घास घेतला. मग भात आणि ती भाजी कालवली, आमच्याकडे वरणभात कालवतात तशी, पाची बोटांनी, आणि जेवू लागले. चवीपुरतं खाणं नव्हे. जेवू लागले. मी माझ्या ताटलीला हात लावला नव्हता, त्यांच्याकडे बघायची भीती वाटत होती. जणू मी बघितलं की ते थांबतील.

ताटली स्वच्छ झाली. "अजून मिळेल का?" त्यांनी विचारलं.

तीन महिन्यांत 'अजून' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. मी ताटली उचलून जवळजवळ धावतच आत गेले.

*

आत म्हणजे पडद्यापलीकडे. रोसना चिमट्यात धरून काहीतरी गॅसच्या ज्योतीवर भाजत होती. काळसर तपकिरी, गुळाच्या खड्यासारखं. माझ्या नाकात वास गेला आणि माझे पाय तिथेच थांबले.

"हे काय?"

"ब्लाचान."

"म्हणजे?"

तिने अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणली. "छोटी, छोटी कोळंबी. मीठ लावायचं, उन्हात घालायची, कुटायची."

"मी मासे नको म्हटलं होतं!"

"मासा कुठे आहे?" ती खरोखरच गोंधळली. "मसाला आहे हा. मासा मी घातलाच नाही."

आणि तिच्या बाजूने ते खरंच होतं. आमटीत हिंग घातला म्हणून आपण कुणाला सांगायला जातो?

"भाजीत होता?"

"भाजीत, चटणीत. त्याशिवाय चव कशी येणार?"

मी वास ओळखला होता तो असा. माझ्या आईचं माहेर रेवदंड्याचं, मासे खाणारं. अप्पांशी लग्न करून वाईला आल्यावर तिने ते सोडलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं आणि कुणी राहू दे असंही म्हटलं नव्हतं. दर उन्हाळ्यात चार दिवस आम्ही दोघी मामाकडे जायचो, अप्पा यायचे नाहीत. त्या चार दिवसांत आई परसातल्या चुलीपुढे पाटावर बसून सुका जवळा भाजायची, केसाएवढी बारीक सुकवलेली कोळंबी. कांदा, मिरची, तांदळाची भाकरी. जेवताना ती गुणगुणायची. वाईत मी तिला कधी जेवताना गुणगुणताना ऐकलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी ती मोरीत उकिडवी बसायची आणि लिंबाच्या फोडीने एकेक बोट घासायची. अंगठा, मग तर्जनी, नखांच्या कडा. आधी उजवा हात, मग डावा. मग माझे हात.

"अप्पांना सांगायचं नाही हं," ती म्हणायची.

मी कधी सांगितलं नाही. पण मोठी झाल्यावर त्या लिंबाचा मला राग यायला लागला. लिंबाचा म्हणजे कुणाचा, ते मला आणि तिला दोघींना माहीत होतं.

"मी अंकलना सांगते," रोसना म्हणाली.

"नको!"

"सांगायला हवं ला. त्यांचा देव, त्यांचं जेवण. मला कुणी डुक्कर खाऊ घालून गप्प बसलं तर? ते पाप माझ्या डोक्यावर नको."

"ते उलटी काढतील. दोन दिवस काही खाणार नाहीत. तुम्ही बघितलंय ना त्यांना? माझी आई जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. तीन महिन्यांत आज पहिल्यांदा…"

रोसनाने गॅस बंद केला. माझ्या हातातली रिकामी ताटली घेतली, पण भरली नाही.

"मग तू सांग. तू मुलगी आहेस. तू सांगितलंस तर बरं. पण सांगितल्याशिवाय ही ताटली मी भरणार नाही."

"सांगते."

"आत्ता."

"आत्ता. भरा."

तिने भात वाढला, भाजी वाढली, लिंबाची नवी फोड ठेवली. पडदा हातात धरून ती दारात उभी राहिली.

*

मी ताटली अप्पांसमोर ठेवली. "अप्पा, एक सांगायचं होतं."

"जेवू दे आधी."

"नाही, आधीच सांगायला हवं. या भाजीत…"

"विशाखा." ते मला एरवी विशू म्हणायचे. "जेवताना बोलू नये, हे तुला कितव्या वर्षी शिकवलं होतं?"

ते कालवत होते. मी समोर बसून होते आणि पडद्यातून रोसना माझ्याकडे बघत होती. एक घास गेला की मला वाटायचं, हा शेवटचा, आता सांगते. मग दुसरा जायचा. खोटं सांगणार नाही: प्रत्येक घासाला मला बरंही वाटत होतं.

ताटली संपली. शेंगदाणा राहिला नाही.

राहिली ती लिंबाची फोड. अप्पांनी ती भातावर पिळली नव्हती. आता त्यांनी ती उचलली आणि बोटांवरून फिरवायला लागले. अंगठा. तर्जनी. नखांच्या कडा, सावकाश, कुठे घाई नाही. उजवा हात झाला. मग डावा, ज्याने ते जेवलेच नव्हते.

मी त्या हातांकडे बघत राहिले.

"हे तुम्हाला कुणी दाखवलं?"

"दाखवलं कुणी नाही." त्यांनी फोड ताटलीत ठेवली. "तुझी आई रेवदंड्याहून आली की दोन दिवस तिच्या हातांना लिंबाचा वास यायचा. तुझ्याही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तीस वर्षं पाण्यातलं औषध ओळखलं मी. लिंबाखाली काय आहे ते ओळखता येणार नाही होय?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मला वाटायचं, बोलत नाही हेच पुष्कळ." त्यांनी हात नाकाशी नेले आणि खाली ठेवले. "घरात कर. एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. चाळीस वर्षांत तेवढे जमले नाहीत."

मला रागावायचं होतं. कित्येक वर्षांची वाक्यं तयार होती. पण समोर जो माणूस बसला होता त्याने ती सगळी स्वतःच बोलून टाकली होती, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

"तिच्या साड्यांना आता डांबरगोळ्यांचा वास येतो," अप्पा म्हणाले. "निघेपर्यंत रोज कपाट उघडायचो आणि लावायचो."

*दुरुस्ती.* आम्ही त्या फटीत शिरलो ते वाऱ्यामुळे, असं मी वर लिहिलं आहे. तसं झालं नव्हतं. मी दोन दुकानं पुढे गेले होते. मागे वळून बघितलं तर अप्पा त्या पुठ्ठ्याखाली थांबलेले. मला वाटलं दम लागला. मी परत आले, म्हटलं, "इथे बसायचं का?" आणि ते "बघ तुला बरं वाटेल तर" म्हणाले. वारा त्या क्षणी पडला होता. पडला होता म्हणून तर आतला वास बाहेर येऊन थांबला होता.

"तुम्हाला इथे कधी कळलं?" मी विचारलं.

"दारात."

"आणि तरी तुम्ही मला अंड्याचं सांगायला लावलंत?"

"मग?" अप्पा म्हणाले. "अंडं मी खात नाही."

मी हसले. मग ते हसले. आणि मग ते हसत नव्हते. मी टेबलावरून हात पुढे केला, त्यांनी धरला. माझ्या हाताला लिंबाचा वास लागला.

"तुला येतो का गं करायला? जवळा?"

"नाही."

"तिने शिकवला नाही?"

मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"हो," ते म्हणाले. "खरंय. शिकवणार कुठे?"

रबरी चपला फटफटत आल्या. "सांगितलंस?" रोसनाने मला विचारलं.

उत्तर अप्पांनी दिलं, त्यांच्या सरकारी पत्रातल्या इंग्रजीत. त्याचं मराठी साधारण असं होईल: "बाई, सदर बाब माझ्या निदर्शनास आलेली आहे. आपण उद्या किती वाजता उघडता?"

*

बुधवार, गुरुवार, शुक्रवार आम्ही तिथेच जेवलो. शुक्रवारी अप्पा पडद्यापलीकडे गेले. ज्या माणसाने घरी कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं, तो खिशातली डायरी काढून रोसनाला विचारत होता, "गॅस मोठा की बारीक?" आणि ती सांगत होती, "बारीक, अंकल. काळं झालं तर टाकून द्यायचं ला."

शनिवारी ते गेले. पट्ट्याची भोकं तीच होती, एवढ्यात काही फरक पडणार नव्हता.

पुढच्या एप्रिलमध्ये, आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर, मी वाईला गेले. जिन्यातच खालच्या मजल्यावरच्या भिडेकाकूंनी अडवलं. नाकाला पदर.

"विशाखा, बाई, तूच सांग आता त्यांना. आम्ही कसं बोलायचं? भलतंच काहीतरी आरंभलंय तुझ्या बापाने. दर बुधवारी."

"काय झालं काकू?"

"वर जा आणि वास घे, म्हणजे कळेल."

वास जिन्यातच येत होता. दार उघडंच होतं. अप्पा गॅसपुढे, बनियनवर, डायरी मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेली. आठवड्याच्या बाजारातून आणलेला जवळा तव्यावर. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या. गल्लीच्या बाजूचीसुद्धा.

"बस," ते मागे न वळता म्हणाले. "पाट टाकलाय."

स्वेटर खुंटीवर होता. अंगावरचं बनियन नीट बसत होतं. मी ते आधी बघितलं.

त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः समोर ताट घेऊन बसले. पाणी फिरवलं, शितं मांडली.

"बघ, जमलाय का."

जमला नव्हता. कांदा करपला होता, मीठ दोनदा पडलं होतं. आईच्या हाताचं त्यात काही नव्हतं. मी सगळा खाल्ला. अप्पांनीही सगळा खाल्ला, आणि मध्येच डायरीत 'मीठ' या शब्दापुढे काहीतरी खूण केली.

जेवण झाल्यावर मी ताटाच्या कडेला बघितलं, मग ओट्यावर बघितलं.

"लिंबू कुठे आहे, अप्पा?"

"कशाला?"

"हात धुवायला."

अप्पांनी नळ सोडला, धारेखाली ओंजळ धरली, सवयीने नाकाशी नेली आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

"साधं पाणी पुरे," ते म्हणाले.